पीएसएचं रक्त काढण्याआधी

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी लॅब चालवणाऱ्याला विचारा, पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचे, फॉर्म कुठून येतात. तो सांगेल, एक डॉक्टर पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाला ही तपासणी लिहून देतात. त्याच रस्त्यावर चार दुकानं सोडून बसणारे दुसरे डॉक्टर वर्षानुवर्षं कोणालाच लिहून देत नाहीत. तिसऱ्यांकडे पेशंटनं स्वतःहून विषय काढला तर ‘करून टाका’ एवढंच उत्तर मिळतं. मी लॅबच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो आणि हे रोज बघतो. गाव तेच, वय तेच, लघवीच्या तक्रारी त्याच. रक्त तपासायचं की नाही हे मात्र माणूस कुठल्या दवाखान्याची पायरी चढला त्यावर ठरतं.

ही तपासणी साखरेसारखी किंवा हिमोग्लोबिनसारखी नाही. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असणाऱ्या ग्रंथीत, तयार होणारं प्रथिन. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. वयाप्रमाणे ग्रंथी वाढली तरी आकडा वाढतो, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तरी वाढतो, आणि कॅन्सर झाला तरी वाढतो. ग्रंथीत काहीतरी चाललंय एवढंच तो सांगतो, काय चाललंय ते सांगत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये या तपासणीला मान्यता मिळाली ती कॅन्सरचं निदान आधीच झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधायला ती वापरायची परवानगी १९९४ मध्ये आली, तीही डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटानं ग्रंथी तपासण्याच्या जोडीनं. पुढे मात्र कसलाही त्रास नसलेल्या लाखो पुरुषांचं रक्त दरवर्षी तपासलं जाऊ लागलं, आणि याने नक्की किती जीव वाचतात हा प्रश्न उभा राहिला.

त्याचं उत्तर शोधायला दोन मोठे अभ्यास झाले आणि २००९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात प्रोस्टेट कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झालेले दिसले, अमेरिकेतल्या अभ्यासात फरक दिसला नाही. अमेरिकेच्या अभ्यासात एक मोठी अडचण होती. ज्या गटाची तपासणी करायची नव्हती, त्यातल्या बहुतेकांनी ती बाहेर जाऊन करून घेतली होती, त्यामुळे दोन गटांत तुलना करण्यासारखा फरकच उरला नव्हता. युरोपातल्या माणसांवर पुढेही लक्ष ठेवलं गेलं. तेवीस वर्षांनंतरचा हिशोब २०२५ मध्ये आला. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. एक मृत्यू टाळायला ४५६ पुरुषांना तपासणीला बोलवावं लागलं, आणि तेवढ्यात १२ जणांना कॅन्सरचं जास्तीचं निदान झालं. म्हणजे फायदा आहे, खरा आहे आणि लहान आहे. त्याची किंमतही खरी आहे.

ती किंमत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटानं २०१८ मध्ये साध्या आकड्यांत मांडली होती. ५५ ते ६९ वयाचे एक हजार पुरुष तेरा वर्षं तपासत राहिलं तर सुमारे २४० जणांचा आकडा कधी ना कधी वाढलेला येतो. बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासल्यावर, त्यातल्या १०० जणांना कॅन्सर निघतो. त्यातले ८० जण आज ना उद्या शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतात. सुमारे ५० जणांची लैंगिक क्षमता जाते, १५ जणांचा लघवीवरचा ताबा सुटतो. आणि प्रोस्टेट कॅन्सरचा मृत्यू टळतो तो एकाचा, फार तर दोघांचा. हे आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण तराजूच्या कुठल्या पारड्यात काय आहे ते त्यांतून स्पष्ट दिसतं. पंचावन्न वर्षांच्या एखाद्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मला करायचीच आहे. दुसरा म्हणेल, मला नको. दोघंही शहाणेच. ज्याला काहीच सांगितलं नाही आणि ज्याच्या फॉर्मवर लिपिड आणि थायरॉइडच्या खाली पीएसएवर खूण केली, त्याच्यावर मात्र अन्याय झाला.

डॉक्टरांशी हा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं: मार्गदर्शक सूचनाच एकमेकींशी जुळत नाहीत, मग आम्ही कोणाचं ऐकायचं? त्यात तथ्य आहे. त्याच अमेरिकन तज्ज्ञगटानं २०१२ मध्ये कुठल्याच वयात ही तपासणी करू नका असं सांगितलं होतं, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात पेशंटशी बोलून ठरवा असं म्हटलं. तिथल्या युरोलॉजिस्टांच्या, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांच्या, संघटनेनं २०२३ मध्ये ४५ ते ५० या वयात पहिली तपासणी देऊ करायला सांगितलं, जोखीम जास्त असेल तर चाळिशीतच. ब्रिटनमध्ये सरसकट तपासणीचा कार्यक्रम नाही, पण पन्नाशीपुढचा पुरुष फायदे-तोटे समजून घेऊन ती मागू शकतो. आपल्या सरकारच्या कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. कणकवलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर एकच एक बांधील कागद नाही, हे मान्य.

पण या सगळ्या सूचना शेजारी ठेवून वाचल्या तर भांडण कुठल्या वयापासून सुरू करायचं आणि किती वर्षांनी पुन्हा करायचं यावर आहे. बाकी बऱ्याच गोष्टींवर भांडण नाहीच. त्रास नसलेल्या माणसाचं रक्त काढण्याआधी त्याच्याशी बोला. ज्याचं वय किंवा इतर आजार बघता पुढची दहा वर्षं मिळण्याची शक्यता कमी, त्याची ही तपासणी रुटीन म्हणून करू नका. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा नुकताच कॅथेटर घातला असेल तर थांबा. वाढलेला एकच आकडा बघून बायोप्सीकडे धावू नका, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. पेशंट कुठल्या गोळ्या घेतो ते विचारा. यावर न्यूयॉर्क, लंडन आणि मुंबईत एकमत आहे. माझी तक्रार याच एकमताच्या गोष्टींबद्दल आहे, कारण आमच्याकडे चुकतात त्या नेमक्या याच. मतभेद असलेल्या भागात डॉक्टरांनी आपला निर्णय घ्यावा, तो त्यांचा अधिकार. जिथे मतभेदच नाही तिथे दर दवाखान्याचा वेगळा नियम असायचं काही कारण नाही.

गोळ्यांचंच घ्या. साठीपुढच्या ज्या पुरुषांना रात्री तीन-चारदा उठावं लागतं, लघवीला जोर करावा लागतो, त्यांना आपल्याकडे बहुधा दोन औषधं एकत्र असलेली गोळी चालू असते, टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टराइड. यातलं ड्युटास्टराइड ग्रंथी आकसवतं आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणतं. फिनास्टराइडही तेच करतं. म्हणून असा माणूस रक्त द्यायला आला की आलेल्या आकड्याची दुप्पट करून वाचायची असते. ही युरोलॉजीतली अगदी प्राथमिक गोष्ट. आता खिडकीवर काय होतं ते बघा. कुडाळकडचे एक गृहस्थ, वय चौसष्ट, रिपोर्ट घ्यायला आले. आकडा ३.४. छापील मर्यादा चारपर्यंत, म्हणून मशीननं त्यापुढे खूण केली नव्हती. ते निघता निघता पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून विचारू लागले, ही जेवणाआधी घ्यायची की नंतर. पट्टी ड्युटास्टराइडची होती आणि दोन वर्षं चालू होती. गोळी एका डॉक्टरांनी दिली होती, पीएसए दुसऱ्यांनी लिहिली होती, आणि फॉर्मवर गोळीचा उल्लेख नव्हता. त्यांचा खरा आकडा पावणेसातच्या आसपास धरायला हवा होता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेशंटला लगेच बोलावून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पण त्या गृहस्थांनी पट्टी पिशवीतून काढली नसती तर ‘नॉर्मल’ म्हणून तो कागद फाईलला लागला असता.

दुसरी बाजू याहून जास्त दिसते. मुलगा डोंबिवलीला किंवा विरारला. वडील गावी, घरासमोर पोफळीची बाग. मुलाला काळजी, आणि ती खरी. तो मोबाइलवरून साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज घेतो, कोणीतरी घरी येऊन रक्त नेतं. त्या यादीत पीएसए असतेच. असेच एक आजोबा, वय एकोणऐंशी, कसलीही तक्रार नाही, रिपोर्ट हातात घेऊन आमच्याकडे आले, कारण गावात कागद वाचून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. ५.६ या आकड्याखाली लाल रेघ. ‘रिपोर्ट इलो. साडेपाच इला म्हणतत. माका कॅन्सर झालो काय ओ?’ त्या वयात ग्रंथी वाढलेली असतेच, आणि वयाप्रमाणे मर्यादा धरणाऱ्या तक्त्यांत सत्तरीतल्या माणसाला साडेसहापर्यंतचा आकडा चालतो. पण ते त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि लाल रेघ दिसल्यावर कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते. मुलगा रजा टाकून आला. गाडी करून करूळ घाटातून कोल्हापूरला नेलं. बायोप्सी झाली, त्यानंतर थंडी वाजून ताप आला, चार दिवस ॲडमिट राहावं लागलं. एका तुकड्यात अगदी सावकाश वाढणारा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी चांगला सल्ला दिला: काही करू नका, नुसतं लक्ष ठेवू. पण वाडीत बातमी गेली होती. लोक भेटायला येऊ लागले, हळू आवाजात बोलू लागले. आजोबांनी जत्रेला, दहीकाल्याला जाणं सोडलं.

वैद्यकशास्त्राला हे चांगलं ठाऊक आहे. इतर कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत सत्तर ते एकोणऐंशी वयातल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर सापडला आहे. बहुतेकांना तो असल्याचं आयुष्यभर कळलं नाही आणि त्यानं काही बिघडवलंही नाही. शोधला नसता तर आजोबांचाही असाच राहण्याची शक्यता मोठी होती. म्हणूनच अमेरिकन तज्ज्ञगट सत्तरीनंतर रुटीन तपासणीला सरळ नाही म्हणतो. आमच्याकडच्या पॅकेजांना मात्र वयाची वरची मर्यादाच नसते.

आणि याच जिल्ह्यात ज्यांची तपासणी तातडीनं व्हायला हवी ते सुटतात. मच्छीमार बंदरातला एक तांडेल वर्षभर कंबरदुखीनं बेजार होता. एका दवाखान्यात इंजेक्शनं, दुसऱ्यात पट्टा, तिसऱ्यात व्हिटॅमिनच्या गोळ्या. होडी ओढून ओढून कंबर गेली असं सगळे म्हणत, आणि तोही. लघवीबद्दल कोणी विचारलं नाही, त्यानंही लाजेनं सांगितलं नाही. त्याच्या थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी परळला टाटात नेलं होतं, तेही कोणी विचारलं नाही. शेवटी पाय लुळे पडायला लागल्यावर त्याचं रक्त लॅबमध्ये तपासायला आलं तेव्हा पीएसएचा आकडा नऊशेच्या वर होता. कॅन्सर मणक्यात पोचला होता. इथे कुठल्याही देशाची कुठलीही सूचना ‘तपासू नका’ म्हणत नाही. ज्याला लक्षणं आहेत त्याची तपासणी हे निदान आहे, आणि त्याला उशीर करणं हा गुन्ह्याइतका मोठा दोष आहे. लघवीतून रक्त जाणं, साठीतल्या पुरुषाची न हटणारी हाडांची दुखणी, अचानक तुंबलेली लघवी, यांत बोटानं तपासणं आणि पीएसए दोन्ही व्हायला हवं. आपल्याकडे बोटानं तपासणं तर जवळजवळ बंदच झालंय. डॉक्टरांना वेळ नाही आणि पेशंटला संकोच.

पेशंटचा संकोच घरातही असतो. वडिलांना किंवा काकांना काय झालं होतं हे आपल्याकडे मुलांना नीट सांगितलं जात नाही. ‘लघवीचा त्रास होता’, एवढ्यावर विषय संपतो. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तर जोखीम दुपटीच्या आसपास जाते. घराण्यात स्त्रियांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर बऱ्याच जणींना झाला असेल तरी विचारात घ्यावं लागतं, कारण काही घराण्यांत दोन्हींच्या मुळाशी एकच जनुकीय दोष असतो. असा पन्नाशीतला माणूस म्हणजे ज्याच्याशी या तपासणीबद्दल खरोखर बसून बोलायला हवं तो. त्याचा फॉर्म मला क्वचित दिसतो. ऐंशीला टेकलेल्या, हृदयाची बायपास झालेल्या माणसाचा दिसतो, दरवर्षी.

हे फक्त आपल्या आडगावातलं आहे असं कोणी समजू नये. इंग्लंडमधल्या सुमारे एक कोटी पुरुषांच्या फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तो अभ्यास २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पंधरा लाखांवर पुरुषांची पीएसए झाली होती. त्यातल्या जवळपास निम्म्यांची ती पुन्हा पुन्हा झाली, आणि पुन्हा तपासलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के पुरुषांचा आकडा कधीही मर्यादेच्या वर गेलेला नव्हता. तपासणीचं प्रमाण सत्तरीपुढे आणि सुखवस्तू भागांत जास्त होतं. जिथे प्रत्येक पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर आहे आणि सरकार मार्गदर्शक सूचना काढतं, तिथे ही गत. आमच्याकडे पेशंटची आख्खी हिस्टरी त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत असते, आणि अर्धे कागद मुंबईच्या खोलीवर राहिलेले असतात. म्हणूनच इथे जास्त काटेकोर राहायला हवं.

डॉक्टरांचं म्हणणं मी कमी लेखत नाही. सकाळच्या ओपीडीत साठ पेशंट असतात, प्रत्येकाला तराजू समजावून सांगायला वेळ कुठून आणायचा? शिवाय तपासणी न लिहिल्याबद्दल शिव्या खाव्या लागतात, जास्तीची लिहिली म्हणून कोणी भांडायला येत नाही. पाच वर्षांनी कॅन्सर निघाला तर नातेवाईक विचारणार, तेव्हाच का नाही केलीत? ही भीती खरी आहे. सर्वांत वजनदार मुद्दा मला एका जुन्या, सचोटीच्या डॉक्टरांनी सांगितला. वेंगुर्ल्याच्या टोकाकडून दोन एसट्या बदलून आलेला माणूस पुन्हा येईल याचा भरवसा नाही. आज आलाय तर आज रक्त घेऊन मोकळं व्हावं. मी यावर पुष्कळ विचार केला. पण आज घेतलेल्या रक्ताचा आकडा वाढलेला आला तर तोच माणूस दुसऱ्यांदा तपासायला, मग एमआरआयला, मग बायोप्सीला घाट उतरून चढून जाणार आहे का? नसेल, तर आपण त्याला आकडा आणि भीती देऊन घरी पाठवतो. असेल, तर त्याला आधीच माहीत असायला हवं की वाट कुठवर जाते. एकदाच येणाऱ्या माणसाशी बोलायची संधीही एकदाच मिळते. ती रक्त काढण्यातच घालवू नये.

पैशाचंही बोलायला हवं, आणि मी या धंद्यात असल्यामुळे मीच बोललेलं बरं. प्रत्येक पीएसएमागे लॅबला पैसे मिळतात. काही ठिकाणी लिहून देणाऱ्याला कट मिळतो, हे गावातल्या केमिस्टपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पॅकेजात पीएसए घातली की यादी लांब दिसते आणि ‘कॅन्सर तपासणी’ असं जाहिरातीत छापता येतं. देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या शिबिरांतही तेच. देणगीदाराचा हेतू चांगला असतो, पण शंभर पुरुषांचं रक्त एका सकाळी घेतल्यावर वाढलेल्या आकड्यांच्या माणसांचं पुढे कोण बघणार हे पत्रकात कुठेच नसतं. रक्त घेणारी गाडी संध्याकाळी निघून जाते.

आम्ही आमच्या लॅबमध्ये फॉर्मवर एक शिक्का मारायला सुरुवात केली आहे. गोळ्या कुठल्या चालू, लघवीत जळजळ किंवा ताप आहे का, अलीकडे कॅथेटर घातला होता का, वडील-भावांपैकी कोणाला हा आजार होता का. उत्तरं भरल्याशिवाय नमुना मशीनवर जात नाही. ड्युटास्टराइड किंवा फिनास्टराइड असेल तर आकड्याखाली तसं छापतो. एक-दोन डॉक्टरांना हा आगाऊपणा वाटला. बाकीच्यांना वाटला नाही, आणि दोघांनी तर स्वतःच्या केसपेपरवर तेच प्रश्न छापून घेतले. याला पैसे लागत नाहीत. जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबनी हे केलं तर गोळ्यांमुळे होणारी फसगत बरीचशी थांबेल.

डॉक्टरांच्या संघटनेच्या तालुका शाखांनी, आणि ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं, एका पानाचा मराठी कागद काढावा. हजारातल्या किती जणांचं काय होतं ते त्यात सरळ लिहावं, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल आणि पेशंट तो वाचून दुसऱ्या दिवशीही सांगू शकेल. पेशंटशी बोलणं झालं आणि त्यानं काय ठरवलं, याची एक ओळ केसपेपरवर असावी. ती ओळ डॉक्टरांचंही रक्षण करते. पाच वर्षांनी कोणी ‘का नाही केलीत’ विचारलं तर उत्तर कागदावर असेल. हे काम आशाताईंवर ढकलू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच पुरे झालंय.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे की पत्रकातून पीएसए काढून टाका. त्या पैशांत ब्लड प्रेशर, साखर आणि तोंडाची तपासणी नीट करा. तंबाखू आपल्याकडे कमी नाही. आणि मुंबईतल्या मुलांनो, वडिलांसाठी पॅकेज घेताना यादी उघडून बघा. वडील सत्तरीपुढचे असतील आणि त्रास नसेल तर ती एक तपासणी वगळायला सांगा. तुम्ही स्वतः पन्नाशीला आला असाल तर पुढच्या वेळी गावी गेल्यावर काकांना काय झालं होतं ते स्पष्ट विचारून घ्या, आणि ते लिहून आपल्या डॉक्टरांकडे न्या.